कोऱ्या चौकटीतले वाचन

चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १९२१
गुरुवार, १८ मार्च १९९९. उधना, सुरत

नव्या संवत्सराचे नाव प्रमाथी, म्हणजे घुसळून काढणारा. पंचांगातील हे नाव सूनबाई रजनीने वाचून दाखवले, कारण यंदा पंचांगाची छपाई अगदीच फिकी झाली आहे. गुढीला नमस्कार करून ही नवी वही उघडतो. शाळेतून निवृत्त होऊन चौदा वर्षे लोटली, तरी पाडव्याला नवी वही घेण्याची मास्तरकी सवय सुटत नाही.

दुपारी नवागामच्या खानदेशी मंडळींच्या मंदिरातून दगा आणि केशरबाई आले. दगा यंत्रमागावर काम करतो. साक्षरतेच्या वर्गाला बसून दोन वर्षांपूर्वी अक्षरे ओळखू लागला. केशरबाई माझ्याच वयाच्या. त्यांना अक्षर येत नाही, परंतु गेल्या बावीस वर्षांत माझे एकही पोथीवाचन त्यांनी चुकवलेले नाही.

“गुरुजी, औंदा धोंडाना महिना येस,” केशरबाई म्हणाल्या. “पोथी तुमीच वाचा. दुसरा कोनी वाचस ते झोप येस.”

“आणि मी वाचतो तेव्हा?”

“तवय बी येस. पन तुमना धाकमां लोके डोया उघडा ठेवतस.”

सोळा मेपासून अधिक मास. तीस दिवस वाचन. मी होकार दिला आणि मनात फार संतोष झाला. पोथी वडिलांच्या हातची आहे. ती मला सोळाव्या वर्षीच पाठ झाली होती. तरीही सव्विसाव्या वर्षी आसनावर बसवताना वडिलांनी आज्ञा केली की पाठ असली तरी पाठ म्हणायची नाही. डोळा अक्षरावर, बोट ओळीखाली, आणि मग शब्द जिभेवर. जो पोथी पुढ्यात ठेवून पाठ म्हणतो, तो श्रोत्यांना फसवतो. ज्या दिवशी हा नियम पाळता येणार नाही त्या दिवशी आसनावरून उठेन, असा संकल्प मी त्यांच्या पादुकांपुढे सोडला आहे. श्रीकृपेने आजवर उठावे लागले नाही.

वडिलांची शाई मात्र वर्षागणिक उडत चालली आहे. त्या काळच्या शाईत हिराकस कमी पडला असावा.


सोमवार, २२ मार्च

नात शर्वरी हिने संगणकाचे शिक्षण पुरे केले असून आता घरीच, पुढल्या खोलीत, ती ‘साईट’ तयार करण्याचे काम करते. रिंग रोडवरचे साडीचे व्यापारी मगनभाई यांचे हे पहिलेच काम तिला मिळाले आहे. साड्यांचे दुकान जगातल्या कोणालाही घरबसल्या पाहता यावे अशी काही सोय त्यात असते म्हणे.

आज तिने मला शेजारी बसवून आपला संग्रह दाखवला. देशोदेशीची माणसे आपापली पाने या जाळ्यावर मांडून ठेवतात आणि ही त्यांतील चांगली पाने निवडून खुणा करून ठेवते. त्या खुणांच्या कप्प्याला तिने ‘प्रेरणा’ असे नाव दिले आहे. संध्या करताना आपण सूर्याकडे बुद्धीची प्रेरणा मागतो. ही दूरध्वनीच्या तारेतून मागते. काही सज्जन तर किनारी, बटणे, पार्श्वभूमी असले तुकडे तयार करून फुकट वाटायला ठेवतात.

“म्हणजे पाणपोई,” मी म्हणालो.

“तसंच. फक्त खाली एका ओळीत आभार मानायचे.”

ऋण मान्य करण्याची रीत त्या लोकांतही आहे हे ऐकून बरे वाटले. पुढे मात्र माझा पुरता गोंधळ झाला. या ग्रंथाला पहिले पान आहे, परंतु शेवटचे नाही. वाक्य वाचता वाचता एखाद्या शब्दावर बोट दाबले की तो शब्द आपल्याला उचलून दुसऱ्याच घरी नेऊन सोडतो. असे शब्द निळे असतात, असे ती म्हणते. मला एकही निळा दिसला नाही. हल्लीची मुले रंगांची नावे सैलपणे वापरतात.


गुरुवार, २५ मार्च. रामनवमी

जन्मकाळाच्या वेळी समईच्या प्रत्येक ज्योतीभोवती प्रभावळ दिसली. सात रंगांचे सूक्ष्म कडे. गेल्या वर्षीही थोडे दिसले होते, यंदा स्पष्ट. अशी गोष्ट बोलून दाखवू नये, म्हणून येथेच लिहून ठेवतो.


गुरुवार, १ एप्रिल

मगनभाईंच्या पानांना किनार कशी असावी यावर शर्वरी चार दिवस अडून बसली होती. परदेशी किनारी तिला परक्या वाटत होत्या. आज सहज मी पोथी पुसायला काढली असता ती शेजारी येऊन बसली.

“आजोबा, ही एवढी जागा मोकळी का सोडली आहे?”

मी समजावले. पोथीच्या पानाला चहूबाजूंनी समास हवा, कारण बोटे ठेवायला जागा हवी आणि घामाने अक्षर बिघडता कामा नये. दोन्ही कडांना तांबड्या रेघा, म्हणजे डोळा ओळीबाहेर घसरत नाही. अध्याय संपला की तांबड्या शाईने तसे लिहायचे, म्हणजे वाचणाऱ्याला कुठे थांबायचे ते लांबूनच कळते. पहिल्या पानाच्या माथ्यावर देवाचे चित्र, म्हणजे पान सुलट धरले जाते.

ती वहीत भराभरा लिहून घेत होती. “अहो, हे सगळं लोक तिकडे आत्ता शोधून काढतायत. मोकळी जागा सोडा, थांबायची खूण द्या. आणि तुमच्या फडक्यात गुंडाळून पडलंय.”

माझी मान ताठ झाली हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. तिने पहिले पान कसल्याशा यंत्रावर ठेवून त्याचे चित्र उतरवून घेतले. पान परत पोथीत मी स्वतःच ठेवले. वडिलांची वस्तू दुसऱ्याने हाताळू नये.

रजनी म्हणते की माझ्या वहीत ओळी एकमेकींवर चढतात. वही स्वस्तातली आहे, आखणी पुसट.


रविवार, ४ एप्रिल

आजचा प्रसंग विलक्षण.

शर्वरीने कुठेसे वाचले आहे की आपण केलेले पान एखाद्या अनोळखी माणसापुढे ठेवावे आणि स्वतः तोंड मिटून पाहावे. त्याला जिथे कळत नाही तिथे चूक त्याची नसते, पानाची असते. ही कल्पना मला गुरुशिष्यपरंपरेच्या अगदी उलट वाटली. माझ्या वर्गात ज्याला कळत नसे तो बाकावर उभा राहत असे. असो.

पान तिने जाळ्यावर चढवले होते. मला खुर्चीत बसवून म्हणाली, “आजोबा, मगनकाकांना सुरुवातीला काहीतरी शुभ हवं होतं, म्हणून तुमचं मंगलाचरण मधोमध टाकलंय. वाचता येतंय का सांगा.” इतक्यात आतल्या खोलीत रजनीने फोन उचलला. शर्वरी तिकडे वळून ओरडली, “आई, ठेव गं, लाईन तुटते.”

मी पडद्याकडे पाहिले. राखाडी चौकट होती आणि तीत अक्षरे असावीत अशा बेताने काही मंद मंद होते. हात जोडून मी चारही चरण वाचले. आवाज चांगला लागला.

शर्वरी पडद्याकडे वळली.

“आजोबा, परत एकदा वाचता?”

परत वाचले.

“अक्षरांचा रंग कसा वाटतो?”

“सौम्य,” मी म्हणालो. “डोळ्यांना त्रास नाही.”

ती उठून स्वयंपाकघरात गेली. मागोमाग पाणी प्यायला गेलो तर पदराने डोळे पुसत असलेली रजनी आणि तिच्या खांद्यावर डोके टेकलेली शर्वरी. मंगलाचरणात हे सामर्थ्य असतेच. केवळ नव्या पिढीत ते कसे उतरले याचे नवल वाटते.


बुधवार, ७ एप्रिल

घरात काहीतरी चालले आहे. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला शर्वरीने पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढला. विजेच्या बटणांभोवती लाल चिकटपट्टी. माझे पाण्याचे भांडे स्टीलचे होते, ते जाऊन गडद रंगाचे आले.

“हे काय?” मी विचारले.

“ती घराचीच साईट करतेय, अण्णा,” रजनी म्हणाली. मुलगा वसंत वर्तमानपत्रामागे बसला होता. तो हसला नाही, हे मला खटकले. तो बँकेतला माणूस. शनिवारी अर्धा दिवस असला तरी हसतो.

पट्टे मात्र शोभतात. गेल्या महिन्यात मी दोनदा ठेचकाळलो होतो, तसे या दोन दिवसांत झालेले नाही. योगायोग.


शनिवार, १० एप्रिल

मगनभाई स्वतः पाने पाहायला आले. मनुष्य मोठा, मोकळा, पायात करकरणारे जोडे.

“बेन, आमां चमक क्यां छे? दुकानमां मी पन्नास ट्यूब लावतो. इथं तर साधं छे, एकदम साधं.”

शर्वरी शांतपणे म्हणाली, “मगनकाका, चमक जास्त झाली की साडी दिसत नाही. तुमचं गिऱ्हाईक इथं हात लावून कापड बघणार नाही, नुसतं डोळ्यांनी बघणार. त्याच्या डोळ्यांना काय जमतं ते आधी बघायला लागतं.”

“पण थोडं लुकझुक तरी करशील?”

“एकच. तेही कोपऱ्यात.”

मगनभाई माझ्याकडे वळले. “गुरुजी, तमे कहो. आ पाछळनो रंग केवो छे?”

मागच्या रंगाविषयी माझे मत विचारले म्हणून मी विचारपूर्वक सांगितले, “ही फिकी पिवळी पार्श्वभूमी मंगल आहे. तीच ठेवावी.”

मग मगनभाई म्हणाले, “गुरुजी, आ तो सफेद छे.”

कापडाच्या धंद्यात चाळीस वर्षे काढून माणसाला पिवळा कळू नये, याचा खेद वाटला. वाद घातला नाही. जाताना त्यांनी शर्वरीला जिन्यात थांबवून हळू आवाजात काही विचारले. “हो, नेणार आहे,” एवढेच तिचे शब्द माझ्या कानावर आले. कोणाला आणि कोठे, ते उलगडले नाही.


चैत्र वद्य एकादशी
सोमवार, १२ एप्रिल

न्यायचे होते ते मलाच. शर्वरीने चष्म्याच्या दुकानात नेले. भिंतीवर एक तक्ता टांगलेला होता. वर एक मोठे अक्षर आणि खाली खाली बारीक होत गेलेल्या गुजराती अक्षरांच्या ओळी. मुद्दाम वाचता येऊ नये अशा रीतीने केलेली अशी रचना मी अन्यत्र पाहिली नाही. शर्वरीच्या संग्रहात हिला जागा मिळणार नाही.

माझ्या आधी एक गृहस्थ बसले होते. त्यांनी वरून खाली अक्षरे म्हटली. शेवटच्या ओळीत अडले तेव्हा दुकानदाराने ती त्यांना सांगितली. मग मी बसलो आणि सर्व ओळी शेवटपर्यंत एका दमात म्हटल्या. दुकानदार चकित झाला.

शर्वरी म्हणाली, “आजोबा, आता खालून वर वाचा.”

उलट क्रमाने म्हणणे हा आमच्या पाठशाळेत नित्याचा अभ्यास होता. एकदा कानावर पडलेले सरळ, उलट, एकाआड एक, कसेही म्हणून दाखवावे लागे. मी खालून वर म्हटले.

“काका तर वीस वर्षांच्या पोरासारखे आहेत,” दुकानदार म्हणाला.

मला वाटले, शर्वरीला आनंद होईल. रिक्षात बसल्यापासून घर येईपर्यंत ती बाहेर पाहत राहिली. मुलींचे मन कळणे कठीण.


बुधवार, १४ एप्रिल

आज तिने बोलून टाकले. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण त्यांचा अर्थ लावायला मला अवधी हवा.

“आजोबा, त्या रविवारी चौकट कोरी होती. आईनं फोन उचलला आणि लाईन तुटली. मंगलाचरण मी चित्र करून टाकलं होतं, ते चित्र आलंच नव्हतं. तुम्ही कोऱ्या चौकटीतून चार चरण वाचलेत. दोनदा.”

“मला अक्षरे दिसत होती,” मी म्हणालो.

“आणि दुकानात तुम्ही त्या काकांचं ऐकून म्हटलंत.”

“माझी स्मृती चांगली असणे हा आता दोष झाला काय?”

“आजोबा, मी तुम्हाला डॉक्टरकडे चला म्हणतेय, एवढंच.”

“तुझ्या यंत्राची काच धुरकट आहे. मगनभाईंना पिवळा कळत नाही. तेव्हा सर्वांनी डॉक्टरकडे जावे.” मी असे बोललो. आवाज चढला होता. ती उठून गेली आणि जेवायला माझ्या शेजारी बसली नाही.

अंधारात दोरीवर साप दिसतो, हा दृष्टांत मी तीस वर्षे मुलांना शिकवला. दोरी असते म्हणून साप भासतो. येथे दोरीच नव्हती असे ती म्हणते. मग मी जे पाहिले ते कशावर पाहिले? वाचणे कोठे संपते आणि आठवणे कोठे सुरू होते, ही सीमा आतून कशी ओळखावी, याचा विचार शास्त्रात कोठे आला आहे ते आठवत नाही. आठवत नाही असे लिहिताना बोट थांबले.


वैशाख शुद्ध तृतीया. अक्षय्य तृतीया
रविवार, १८ एप्रिल

खानदेशी मंडळींची आखाजी. बरीचशी गावी गेली, तरी नवागामच्या मंदिरात शंभरेक माणसे होती. झाडाला झोका बांधून बायका गाणी म्हणत होत्या. अधिक मासाच्या आधी शकुनाचा एक अध्याय वाचावा असा दगाचा आग्रह पडला. मला तर तेच हवे होते. शर्वरीच्या बोलण्याचे उत्तर शंभर माणसांसमोर देता येणार होते. तीही आली होती, मागे खांबाशी उभी होती.

पोथी सोडली, पहिले पान उचलले, बोट ओळीखाली ठेवले आणि सुरुवात केली. अध्याय वाहत गेला. एकदाही अडखळलो नाही. शेवटी लोकांनी जयजयकार केला, मी वाचलेली पाने जुळवून पहिले पान पुन्हा वर आणले आणि मान वर केली.

केशरबाई अगदी पुढे बसल्या होत्या. त्या गुडघ्यांवर सरकत जवळ आल्या आणि इतरांना ऐकू जाणार नाही असे म्हणाल्या, “गुरुजी, पान उलटं शे.”

मला कळले नाही.

“देवनं डोकं खाले शे. माले वाचता येस नही, पन देव उभा शे का उलटा, ते ते समजस ना.”

मी बोटाने चित्राची जागा चाचपली. चित्र माझ्या पोटाकडे होते. पहिल्या तारखेला पान मीच परत ठेवले होते.

त्या बाईंनी चटकन आपल्या पदराने पान पुसल्यासारखे केले आणि पुसता पुसता फिरवून सुलट ठेवले. कोणाला काही कळले नाही. दगाने नारळ दिला. शर्वरीने हात धरून जिना उतरवला. मी हात सोडवून घेतला नाही.


सोमवार, १९ एप्रिल

दार लावून पोथी घेऊन बसलो. मधलेच एक पान काढले, कोणते ते बोटाने मोजले नाही. ओठ घट्ट मिटले. मन गप्प केले, हे सर्वांत अवघड गेले. ते सारखे पुढले शब्द पुरवू पाहत होते. उन्हात खिडकीशी धरले. नाकाशी धरले.

तांबड्या रेघा आहेत. त्यांच्यामध्ये धुके आहे.

किती वर्षे? गेल्या अधिक मासात मी वाचले होते का? त्याआधीच्या? मला सांगता येत नाही. मी संकल्प मोडला, पण केव्हा मोडला हे माझे मलाच ठाऊक नाही. अशा पापाला प्रायश्चित्त कोणत्या दिवसापासून मोजावे?


मंगळवार, २० एप्रिल

सकाळी पुढल्या खोलीत गेलो. शर्वरी काम करत होती. मी आपणहून खुर्चीत बसलो आणि म्हणालो, “काहीतरी दाखव. मला माहीत नसलेले.”

तिने काहीतरी आणले. मी पाहिले. बराच वेळ पाहिले. ती तिच्या नियमाप्रमाणे एक शब्द बोलली नाही.

“मला दिसत नाही,” मी म्हणालो.

बहात्तर वर्षांत हे वाक्य प्रथमच उच्चारले. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि मग काहीतरी दाबले. “आता?” “नाही.” पुन्हा दाबले. “आता?” असे पाच-सहा वेळा झाले. मग काळ्या खांबांसारखे काही उभे राहिले, त्यांना वेलांट्या फुटल्या, आणि मी एक एक अक्षर लावत वाचले: या साडीचा पदर अडीच हात आहे.

वडिलांनी मला पहिले अक्षर पाटीवर गिरवून दिले त्या दिवसानंतर वाचनाने मला एवढा आनंद दिला नसेल. वाक्य साडीचे होते तरीही.


शुक्रवार, २३ एप्रिल

वसंताने रजा काढून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. तेथे तक्ता विचारला नाही, थेट डोळ्यांत प्रकाश टाकून पाहिले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पुष्कळ दिवसांचा. शस्त्रक्रियेने निघेल. दिवस जूनअखेरचा मिळाला आहे. दिव्यांभोवतीची ती रंगीत कडी त्यामुळेच, असे डॉक्टरांनी सांगितले. रामनवमीची नोंद खोडावी असे मनात आले, मग राहू दिली.


शनिवार, २४ एप्रिल

दगा आणि केशरबाईंना बोलावून सर्व सांगितले. आसन सोडतो म्हणालो.

“बरं,” केशरबाई म्हणाल्या. “मंग वाचई कोन?”

“दगा वाचेल.”

दगा दचकला. “गुरुजी, मी एक एक अक्षर लाईसन वाचस. एक अध्याय म्हनता म्हनता दिवाळी यी.”

“मला तर तेवढेही येत नाही. आणि पाठ म्हणणार नाही. तसा नियम आहे.”

केशरबाईंनी विचार केला. “पाठ म्हनू नका. सावकाश वाचा. महिना आख्खा पडेल शे.”

“पण दिसत नाही, केशरबाई.”

मागून शर्वरी म्हणाली, “दिसेल असं करता येतं, आजोबा. मी तीन आठवडे तेच शोधतेय.”

तेव्हा मला कळले की तिच्या ‘प्रेरणा’ नावाच्या कप्प्यात साड्यांच्या किनारी केव्हाच मागे पडल्या होत्या. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पान कसे करावे यावर कोण कोण काय लिहून ठेवतात, ते ती गोळा करत होती. मगनभाईंच्या पानांवरची मोठी अक्षरेही मूळ माझ्याकरिता मोजलेली.


बुधवार, १२ मे

सुट्या पानांचा गठ्ठा तयार आहे. एका पानावर चारच ओव्या, अक्षर अंगठ्याएवढे, काळेभोर. कागद किंचित पिवळसर. पिवळसर आहे हे विचारून खात्री करून घेतले. दोन्ही कडांना वडिलांच्याच रेघा, पण दुप्पट जाड. देव माथ्यावर, आणि कोपरा तिने असा कापला आहे की पान उलटे धरले तर बोटालाच कळते. खाली आभाराची ओळ आहे. चार अनोळखी परदेशी नावे आणि त्यांच्या शेवटी वडिलांचे नाव.

तिने अक्षरन् अक्षर मूळ पोथीवरून टंकले. मी सराव केलेला नाही. सराव म्हणजे पुन्हा पाठच.


अधिक ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा
रविवार, १६ मे

आज वाचन सुरू झाले. आसनावर बसताच सर्वांना सांगितले की मला मोतीबिंदू आहे, गेली काही वर्षे मी तुम्हांला वाचून दाखवले असे समजत होतो, ते वाचन नसावे. क्षमा मागितली. लोक एकमेकांकडे पाहू लागले. एक म्हातारा म्हणाला, “ऐकू ते चांगलं येये ना,” आणि हशा झाला.

मग वाचू लागलो. पहिलीच्या मुलासारखा. अक्षर, काना, अक्षर. मन पुढे धावे, त्याला मी बोटाने मागे ओढी. लहान मुले उठून झोक्याकडे गेली. मोठी बसून राहिली.

तिसऱ्या पानावर बोट एका ओवीवर आले आणि मन पुढे धावलेच नाही. ते आपले गप्प. पुन्हा लावून वाचली. ही ओवी मला माहीत नव्हती.

मी थांबलो. “शर्वरी, ही ओवी तू घातलीस काय?”

ती खांबापासून पुढे आली. “आजोबा, मी एक अक्षर घातलेलं नाही. पोथीत आहे तेच आहे.”

“पोथी मला पाठ आहे.”

मूळ पोथी पाटावर होती. शर्वरीने पान शोधले आणि दगाच्या हातात दिले. दगा उजेडाला गेला. त्याचे ओठ हलत होते. शंभर माणसे त्याच्या ओठांकडे पाहत होती.

“शे गुरुजी,” तो म्हणाला. “हाई शे. तुमना वडीलनंच आखर शे.”

मग त्याने ती एक एक अक्षर लावत मोठ्याने वाचली. मी माझ्या पानावरून त्याच्याबरोबर वाचली. वाचणारा आसनावरून श्रोत्यांना नमस्कार करतो, अशा आशयाची ती ओवी आहे: काम टाकून जे ऐकायला आले त्यांच्यामुळे हे आसन, त्यांच्या पायी वाचणाऱ्याचे मस्तक असो. बस, एवढेच.

सोळाव्या वर्षी पाठ करताना मी ती गाळली असली पाहिजे. पुढे डोळे चांगले होते तेव्हाही, बोट तिच्याखालून नेत असताना, ती मी कधी पाहिली नाही. म्हणजे दोष मोतीबिंदूचा नव्हे, की त्याचाही आहे, की वडिलांनी मला नियम घालून दिला तो नेमका हे ओळखूनच? मला ठरवता येत नाही.

आसनावरून उठलो. शेहेचाळीस वर्षांचा नमस्कार राहिला होता, तो वाकून केला. केशरबाईंनी मला वाकू दिले, मध्ये हात घातला नाही. मग म्हणाल्या, “बसा आते. पुढे वाचा.”

बसलो. एरवी पहिल्या दिवशी दोन अध्याय होतात. आज एकोणीस ओव्या झाल्या. विसावीवर खूण म्हणून तुळशीचे पान ठेवले. ती मला पाठ आहे असे कालपर्यंत मी म्हणालो असतो. आज म्हणत नाही. तीत काय लिहिले आहे ते उद्या पाहीन.